बालवाडीच्या बाईंना प्रथमोपचार येतात का?

मूल अडीच-तीन वर्षांचं झालं की घरात बालवाडीचा शोध सुरू होतो. फी किती, घरापासून अंतर किती, वर्गात मुलं किती, सीसीटीव्ही आहे का, डबा आपण द्यायचा की तिथेच खाऊ मिळतो, हे सगळं आपण विचारतो. एक प्रश्न मात्र फार थोडे पालक विचारतात. मुलाच्या घशात काही अडकलं किंवा वर्गातच फिट आली, तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, हे तुमच्या बाईंनी कधी हाताने करून पाहिलं आहे का?

पाच मिनिटं म्हणण्याला कारण आहे. मेंदूला ऑक्सिजन मिळणं पूर्ण थांबलं, तर साधारण ४ ते ६ मिनिटांत त्याला कायमची इजा व्हायला सुरुवात होते. १०८ ची रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी शहरातल्या गर्दीतून किंवा वाडीच्या रस्त्याने ती इतक्या वेळात पोचेलच असं नाही. त्या मिनिटांत तुमच्या मुलाजवळ असते ती अंगणवाडी सेविका, मदतनीस, प्ले ग्रुपची टीचर किंवा पाळणाघर चालवणाऱ्या काकू. डॉक्टर नंतर येतात.

हा लेख वाचून कोणाला प्रथमोपचार येतील असं नाही, पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकत नाही. पण बाईंना काय यायला हवं, काय करणं त्यांनी सोडायला हवं आणि तुम्ही पालक म्हणून काय विचारायचं, काय पुरवायचं, हे तुम्हाला इथे कळेल. यातलं बरंचसं घरात आजी-आजोबांनाही उपयोगी पडेल.

घशात अडकणं: सगळ्यात आधी हेच शिकायला हवं

बालवाडीच्या वयात मुलांना पुढचे दात असतात, पण दाढा पुरत्या आलेल्या नसतात किंवा नीट वापरता येत नाहीत. मूल तोडू शकतं, बारीक चावू शकत नाही. त्यात ते खाता खाता बोलतं, हसतं, पळतं. आपल्याकडे लहान मुलांच्या श्वासनलिकेतून काढाव्या लागणाऱ्या वस्तूंमध्ये शेंगदाणा कायम वरच्या क्रमांकावर असतो. फुटाणे, चणे, काजू-बदाम, सीताफळाच्या आणि चिकूच्या बिया, अख्खी द्राक्षं, बोरं, गोळ्या, जेली हेही त्याच रांगेतले. वाढदिवसाचा फुगा फुटल्यावर उरणारा रबराचा तुकडा तर फारच वाईट, कारण तो श्वासनलिकेवर झाकणासारखा बसतो.

अडकल्यावर पहिलं काम म्हणजे मुलाकडे नीट बघणं. मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, आवाज निघत असेल, तर हवा आत-बाहेर होते आहे. अशा वेळी त्याला खोकू द्यायचं आणि जवळ थांबायचं. पाठीत धपाटे घालायचे नाहीत, पाणी पाजायचं नाही, केळं किंवा भाताचा गोळा गिळायला द्यायचा नाही. काटा अडकल्यावर कोकणात भाताचा गोळा देतात. पण इथे अडथळा अन्ननलिकेत नसून श्वासनलिकेत आहे, वरून ढकललेला घास तो आणखी घट्ट करतो.

खोकला निघत नाही, आवाज येत नाही, ओठ निळसर पडू लागलेत, मूल घाबरून नुसतं बघतंय, ही खरी धोक्याची वेळ. एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून, पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने जोरात ५ फटके द्यायचे. वस्तू निघाली नाही, तर मुलाच्या मागे गुडघ्यावर बसून त्याच्या बेंबीच्या थोडं वर, बरगड्यांच्या खाली एक मूठ ठेवायची, दुसऱ्या हाताने ती धरायची आणि आत-वर असा झटका ५ वेळा द्यायचा. पुन्हा ५ फटके, पुन्हा ५ झटके. वस्तू बाहेर पडेपर्यंत किंवा मूल बेशुद्ध पडेपर्यंत हेच चालू ठेवायचं. पोटावर झटके दिलेल्या मुलाला नंतर बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवावं, कारण आत इजा झालेली असू शकते.

पाळणाघरातल्या वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर मात्र कधीही झटके द्यायचे नाहीत. त्याला हातावर पालथं, डोकं खाली करून धरतात, डोक्याला आधार देतात आणि पाठीवर ५ फटके देतात. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर ५ दाब देतात. हे शब्दांत सोपं वाटतं. पण रडत-तडफडत असलेलं बाळ हातावर पेलून हे करणं वेगळं असतं, म्हणूनच ते आधी बाहुलीवर करून बघायला हवं.

तोंडात बोट घालून वस्तू शोधणं ही आपल्याकडची सगळ्यात रुळलेली चूक. वस्तू समोर स्पष्ट दिसत असेल आणि सहज धरता येत असेल तरच काढावी, नाहीतर ती आणखी आत जाते.

एक गोष्ट बाईंनी तुम्हाला आवर्जून सांगायला हवी. मुलाला खाताना जोराचा ठसका लागला, जीव घाबरा झाला, मग सगळं थांबलं आणि मूल खेळायला लागलं, असं झालं असेल तर त्याचा अर्थ दाणा निघून गेला असा होतोच असं नाही. तो फुफ्फुसाच्या एखाद्या नळीत जाऊन बसलेला असू शकतो. पुढे खोकला जात नाही, एका बाजूला घरघर ऐकू येते, ताप येतो आणि औषधं बदलत राहतात. अशी मुलं कधी कधी कितीतरी दिवसांनी तज्ज्ञांकडे पोचतात. तेव्हा दुर्बिणीतून (ब्रॉन्कोस्कोपी) तो दाणा काढावा लागतो. संध्याकाळी शाळेतून निघताना 'आज खाताना ठसका लागला होता' हे एक वाक्य कोणी सांगितलं असतं, तर तो उशीर टळला असता.

श्वास थांबला तर

मूल हाक मारून, चिमटा काढून प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर लगेच सीपीआर सुरू करायचा. बाजूला असलेल्या व्यक्तीने १०८ ला फोन करायचा. एकटीच असाल तर फोन स्पीकरवर टाकून काम सुरू ठेवायचं. छातीच्या मध्यभागी, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, लहान मुलासाठी एका हाताने, साधारण ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब द्यायचे. दर ३० दाबांनंतर तोंडाने २ श्वास.

मोठ्या माणसाचं हृदय बहुतेक वेळा हृदयाच्याच आजाराने थांबतं. मुलाचं हृदय थांबतं ते सहसा आधी श्वास अडल्यामुळे, मग तो घशातल्या दाण्याने अडो की पाण्याच्या बादलीत बुडाल्याने. म्हणून मुलांच्या बाबतीत तोंडाने दिलेले श्वास महत्त्वाचे. 'फक्त छाती दाबा' असा व्हिडिओ पाहिलेल्या बाईंना हे वेगळं सांगावं लागतं. आणि हो, बादली, टब, सोसायटीतला हौद, अंगणवाडीमागची पाण्याची टाकी: दोन वर्षांच्या मुलाला बुडायला वीतभर पाणीही पुरतं.

तापातली फिट: दिसतं भयंकर, पण

६ महिने ते ५ वर्षे या वयात १०० पैकी साधारण २ ते ५ मुलांना तापात झटके येतात. म्हणजे वीस-तीस मुलांच्या वर्गात बाईंना नोकरीच्या काळात कधी ना कधी हे बघायला मिळणारच. मूल ताठ होतं, डोळे वर जातात, हातपाय झटकतात, तोंडातून फेस येतो. बघणाऱ्याला वाटतं की सगळं संपलं. बहुतेक वेळा हे झटके ५ मिनिटांच्या आत आपोआप थांबतात आणि त्यातून मेंदूला इजा होत नाही.

बाईंचं काम: मुलाला जमिनीवर एका कुशीवर वळवणं, डोक्याखाली मऊ काही ठेवणं, आजूबाजूचे बाक आणि खेळणी दूर करणं आणि घड्याळ बघणं. घड्याळ बघणं फार महत्त्वाचं. ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ झटके चालू राहिले, एकामागून एक आले, मूल शुद्धीवर आलं नाही किंवा श्वास नीट वाटेना, तर १०८.

ज्या गोष्टी करायच्या नाहीत त्यांची यादी आपल्याकडे जरा लांब आहे. कांदा हुंगवायचा नाही, चप्पल हुंगवायची नाही, हातात किल्ली किंवा लोखंड द्यायचं नाही, दातांमध्ये चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात पाणी किंवा औषध टाकायचं नाही. कांद्याने मुलाचं थेट काही बिघडत नाही असं कोणी म्हणेल. पण सगळे कांदा शोधायला धावतात आणि मूल उताणंच पडून राहतं, उलटी श्वासनलिकेत जाते. नुकसान होतं ते इथे.

पहिल्यांदाच फिट आली असेल, तर ती थांबल्यावरही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं. मेंदूज्वर नाही ना, हे तेच ठरवतील. आणि तुमच्या मुलाला आधी कधी तापात फिट आली असेल, तर शाळेपासून लपवू नका. अशा मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांना पुन्हा एकदा तरी ती येते. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून दिला असेल, तर तो शाळेत ठेवायचा की नाही, कधी आणि किती वापरायचा, हे त्यांच्याकडून लेखी घेऊन द्या.

रोजच्या लहानसहान गोष्टी

भाजणं. अंगणवाडीत गरम खिचडी, उसळ येते, पातेलं जमिनीवर असतं आणि मुलं घोळक्याने बसतात. भाजलं की त्या भागावर नळाचं वाहतं साधं पाणी २० मिनिटं. नळ नसेल तर तांब्याने सतत ओतायचं. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बर्फ काहीही नको. कपडा चिकटला असेल तर ओढायचा नाही. चेहरा, हात, जननेंद्रियाची जागा भाजली असेल किंवा मुलाच्या तळहातापेक्षा मोठा भाग असेल, तर थेट रुग्णालय.

नाकातून रक्त. मान मागे टाकून डोक्यावर पाणी ओतायची पद्धत सोडा, त्याने रक्त घशात जातं. मुलाला बसवून किंचित पुढे वाकवायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायचा आणि सलग १० मिनिटं सोडायचा नाही. मध्येच सोडून 'थांबलं का' बघितलं की पुन्हा सुरू होतं.

पडणं आणि डोक्याला मार. टेंगूळ आलं तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ पुरेसा आहे, चोळायचं नाही. पण मूल बेशुद्ध झालं होतं, वारंवार उलट्या होत आहेत, नेहमीपेक्षा वेगळंच गुंगलंय, फिट आली, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येतंय, तर वेळ न घालवता रुग्णालयात न्यायचं. शाळेत पडलेलं मूल तुमच्याकडे सोपवताना बाईंनी किती वाजता पडलं, कुठून पडलं आणि पडल्याबरोबर रडलं का, हे तिन्ही सांगायला हवं. पुढचे २४ ते ४८ तास लक्ष तुम्हालाच ठेवायचं आहे.

दुधाचा दात पडला तर तो परत हिरडीत बसवू नये, त्याने खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. दात डबीत घालून दंतवैद्यांकडे जावं, म्हणजे तुकडा आत राहिला नाही ना हे कळतं.

हात धरून ओढणं हा एक वेगळाच प्रकार. मूल जमिनीवर बसून हटून राहतं आणि कोणी तरी त्याचा एक हात धरून उचलतं. मग मूल तो हात हलवतच नाही, लटकता ठेवतं. बहुतेक वेळा कोपरातलं छोटं हाड जागचं किंचित सरकलेलं असतं. डॉक्टर ते काही सेकंदांत जागेवर बसवतात. हाडवैद्याकडे मालिश करायला नेऊ नका. आणि बाईंना, तसंच घरच्यांनाही, मुलाला एका हाताने उचलू नका हे सांगायला लाजू नका.

कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडलं, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं, मिरची किंवा चुना लावायचा नाही आणि त्याच दिवशी लस. पालकांना कळवायला संध्याकाळची वाट बघायची नाही. रॉकेल, फिनेल किंवा अॅसिड पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, बाटली सोबत घेऊन रुग्णालय. खेळण्यातला बटणासारखा चपटा सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी तेच. तो शी वाटे पडेल म्हणून थांबायचं नाही, अन्ननलिकेत अडकला तर दोन-तीन तासांतही तो आतून जाळतो.

कोकणात आणि डोंगराळ भागात विंचू. लहान मुलाला लाल विंचू चावणं हे 'दुखेल आणि थांबेल' या प्रकारातलं नाही. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध किती गुणकारी ठरतं हे दाखवलं आणि त्यानंतर मृत्यू खूप कमी झाले. पण ते औषध मिळायला मूल वेळेवर पोचायला हवं. घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या तर अजिबात थांबू नये. साप चावला असेल तर दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, मुलाला चालवायचं नाही. पाय हलणार नाही असा आधार देऊन थेट रुग्णालय.

प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय हवं

'आमच्याकडे प्रशिक्षण झालंय' असं उत्तर मिळालं तर पुढचे दोन प्रश्न विचारा: कधी झालं? आणि बाहुलीवर हाताने करून घेतलं का? सभागृहात बसून दोन तास स्लाइड्स पाहणं आणि शेवटी प्रमाणपत्र व चहा, याला मी प्रशिक्षण म्हणणार नाही. ज्या बाईंनी बाहुलीची छाती दमेपर्यंत दाबली आहे, त्यांनाच खऱ्या वेळी किती जोर लावायचा हे कळतं. बाकीचे घाबरून फार हळू दाबतात.

हे कौशल्य पटकन विसरतं. सीपीआरचा सराव नसेल, तर काही महिन्यांतच हात चुकू लागतो. बहुतेक प्रमाणपत्रांची मुदत २ ते ३ वर्षे असते, पण दर सहा महिन्यांनी अर्धा तास उजळणी करणं जास्त उपयोगाचं. तुलनेसाठी सांगतो, इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या केंद्रात मुलं असताना पूर्ण वेळ किमान एक व्यक्ती बालप्रथमोपचाराचं चालू प्रमाणपत्र असलेली हवी, हा नियम आहे. तो कोर्स किमान १२ तासांचा असतो आणि दर ३ वर्षांनी पुन्हा करावा लागतो.

आपल्याकडे इंडियन रेड क्रॉस सोसायटी आणि सेंट जॉन अॅम्ब्युलन्स प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना मुलांच्या जीवरक्षणाचे कोर्स घेते. मोठी रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयंही घेतात. कोर्स निवडताना तो मुलांसाठीचा आहे ना, हे बघावं. कारखान्यातल्या कामगारांसाठीचा कोर्स बालवाडीला अर्धाच उपयोगी.

गावातल्या अंगणवाडीसाठी वाट जवळची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्राच्या परिचारिका ताई, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणीला येणारं पथक, यांच्याकडे पर्यवेक्षिकेमार्फत मागणी करता येते. पालकांनी मिळून ती केली तर तिला वजन येतं. सेविकेवर आणखी एक काम टाकतोय असा सूर मात्र नको. तिच्यावर आधीच नोंदी, वजनं, आहार, लसीकरण एवढं आहे. तिला शिकायला वेळ आणि सोय हवी आहे, तीच मागायची.

प्रशिक्षणात एक भाग हमखास राहून जातो: बाकीच्या मुलांचं काय? एका मुलाला सीपीआर देताना उरलेली चोवीस मुलं रडत, दाराकडे पळत असतात. म्हणून सराव जोडीने व्हायला हवा. एकीने मुलाकडे बघायचं, दुसरीने फोन करून बाकीच्यांना दुसऱ्या खोलीत किंवा भिंतीकडे बसवायचं. मदतनीस रजेवर असेल त्या दिवशी कोणाला हाक मारायची, शेजारचं दुकान की समोरचं घर, हेही आधी ठरलेलं असावं. म्हणून प्रशिक्षण एकट्या मुख्याध्यापिकेला देऊन भागत नाही. मावशी आणि व्हॅनच्या काकांनाही ते हवं.

पेटी आणि तुमची चिठ्ठी

प्रथमोपचार पेटीत गॉझ, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, साबण, थर्मामीटर आणि ओआरएसची पाकिटं पुरतात. मुदत संपलेल्या मलमांच्या सात नळ्या नकोत. पेटी कपाटात कुलूपबंद आणि किल्ली बाहेर गेलेल्या बाईंच्या पर्समध्ये, असं अजिबात नको. तापाचं औषधही बाईंनी आपल्या मनाने देऊ नये. डोस मुलाच्या वजनावर ठरतो, तुम्ही लेखी दिला असेल तरच द्यावा.

डब्यात शेंगदाणे, फुटाणे, अख्खा सुकामेवा पाच वर्षांपर्यंत देऊ नका. कूट चालेल. द्राक्षं उभी चिरून, चार तुकडे करून द्या. आजी प्रेमाने खिशात चार दाणे घालून देतात, त्यांनाही समजावून सांगा.

आणि एक चिठ्ठी लिहून शाळेत द्या, दरवर्षी नवी. मुलाचं नाव, वजन, रक्तगट माहीत असल्यास तो, कशाची अॅलर्जी, दमा आहे का आणि पंप कसा द्यायचा, आधी फिट आली होती का, चालू औषधं, तुमच्या डॉक्टरांचं नाव व फोन. शेवटी तीन फोन नंबर. आई आणि बाबा दोघंही लोकलमध्ये असतील, रेंज नसेल, तर तिसरा नंबर अशा माणसाचा असावा जो दहा मिनिटांत शाळेत पोचू शकेल आणि रुग्णालयात तुमच्या वतीने सही करू शकेल. त्या माणसाला तसं आधी विचारून ठेवा.